बिशपचा परवाना

केल्बरोच्या किनाऱ्यावर पाणी मागे सरलं, की ओल्या वाळूवर पहिली पावलं उमटतात ती गाढवांची. मग समुद्रपक्ष्यांची, मग कुत्र्यांची आणि सगळ्यांच्या शेवटी माणसांची. विनी हेसकेथच्या सासऱ्यानं आपली गाढवं प्रथम या वाळूवर उतरवली, तेव्हापासूनचा हा क्रम. तो मोडलेला विनीला खपत नसे. ईस्टर ते सप्टेंबरअखेर ती भल्या सकाळी गल्लीतून पाच गाढवं घेऊन उतरे. शुक्रवारी मात्र नाही. शुक्रवार गाढवांचा. नगरपरिषदेच्या परवान्यातच तसं लिहिलेलं आहे, आणि नसतं लिहिलं तरी विनीनं तो पाळला असता.

विनी अडुसष्ट वर्षांची. बुटकी, रुंद खांद्यांची. खाऱ्या वाऱ्यानं तिच्या गालांवर कायमचा मुक्काम केलेला. ती मूळची बेकरीवाल्याची मुलगी. पहाटेच्या भट्टीचा उबारा अंगात घेऊन वाढलेली. स्टॅन हेसकेथशी लग्न करून ती या अंगणात आली, तेव्हा गाढवांच्या जवळ जायलाही घाबरायची. सासऱ्यानं तिला काही शिकवलं नाही. त्यानं फक्त एक लगाम तिच्या हातात दिला आणि म्हणाला, "ह्याला घेऊन किनाऱ्यावर जा. तो सांगेल कसं ते." त्या गाढवानं तिला खरोखरच नेलं आणि परत आणलं. त्या दिवसापासून विनीची भीती गेली, आणि गाढवाला मूर्ख म्हणणाऱ्या माणसाविषयीचा तिचा आदरही गेला.

सासरा गेला, पुढे स्टॅनही गेला. मूलबाळ नव्हतं. राहिली ती गाढवं, वीटकामाचं जुनं अंगण आणि स्वयंपाकघरातली शेगडी. बेकरीवाल्याच्या लेकीची एक खोड मात्र तिच्यात कायम राहिली. तिच्या फाटकातून आत आलेला माणूस कोरड्या तोंडानं परत जात नसे. पोस्टमन असो, चारा आणणारा असो की पत्ता चुकलेला प्रवासी असो. आधी खुर्ची, मग चहा, मग हॅम घातलेला घरचा पाव, आणि उठायची चुळबूळ सुरू झाली की आल्याचा काळा, चिकट केक. तो खाताना माणसाला बोलता येत नसे, म्हणून त्याला विनीचं ऐकावंच लागे.

पाच गाढवांमध्ये मार्गो, पिप, ट्रफल आणि सार्जंट ही चार मुलांना पाठीवर घेत. पाचवा बिशप. राखाडी, तोंडाभोवती पांढरा, मोठ्या चर्चमधल्या धर्मगुरूसारखा गंभीर. तो याच अंगणात जन्मलेला. आता म्हातारा झाला होता आणि दोन उन्हाळ्यांपासून त्याच्या पाठीवर विनीनं खोगीरसुद्धा ठेवलं नव्हतं. तरी कपाळावर नाव भरलेला पट्टा बांधून तो रोज सर्वांच्या पुढे चाले. बिशप हलला की रांग हलायची, बिशप थांबला की रांग थांबायची.

किनाऱ्याच्या दुसऱ्या टोकाला, जीवरक्षक होडीच्या उताराजवळ, क्लेम बिकर्डाइकची सहा गाढवं उभी असत. क्लेम आणि विनी यांचं चाळीस वर्षांचं भांडण होतं. कशावरून सुरू झालं ते दोघांनाही आता नीट सांगता आलं नसतं, पण त्यात खंड पडू न देण्याची काळजी दोघंही घेत.

तर फेब्रुवारीतल्या एका सकाळी हा क्लेम विनीच्या कुंपणाशी आला आणि नेहमीप्रमाणे कुंपणावरूनच ओरडला.

"विनी! ऐकलंस का? नगरपरिषद परवान्याची फी वाढवतेय."

"दरवर्षी वाढवतात. रडायला तुला काहीतरी लागतंच."

"अगं, पंचेचाळीस पौंडांवरून एकशे दहा! आणि गाढवामागे!"

विनीच्या हातातला खराटा थांबला. तिनं वळून बिशपकडे पाहिलं. तो भिंतीच्या आडोशाला ऊन खात उभा होता.

"म्हणजे त्याचे पण," ती म्हणाली.

"त्याचे पण. विनापरवाना जनावरानं वाळूवर खूर ठेवायचा नाही, ठाऊक आहे ना तुला? माझं ऐक. म्हाताऱ्याला कुरणावर धाड. तिकडे पेन्शनीतली गाढवं ठेवून घेतात. मजेत राहील."

"तुलाच धाडते. तूही पेन्शनीतलाच."

क्लेम गेला, पण विनीचं काम काही पुढे सरकेना. चार गाढवं आपापली फी कशीबशी कमावून देतील, हे तिला दिसत होतं. बिशप काय कमावणार? आणि बिशपला घरी ठेवून चालणार नव्हतं. मागच्या उन्हाळ्यात त्याला खोकला झाला म्हणून तिनं एक दिवस तसं करून पाहिलं होतं. बाकीची चारही गल्लीच्या तोंडाशी गेली आणि पोस्टाच्या लाल गाडीपुढे ठाण मांडून उभी राहिली. पोस्टमननं हॉर्न वाजवला, शेजारणीनं गाजरं दाखवली, विनीनं स्टॅनच्या आत्म्याची शपथ घातली. कुणी हललं नाही. शेवटी खोकणाऱ्या बिशपला आणावं लागलं, तेव्हा पोस्टाला वाट मिळाली.

बिशप असेल तर धंदा तोट्यात, नसेल तर धंदाच नाही. एवढी वर्षं जिच्या मागे आपण वाळूवर उतरलो ती पाठ या ईस्टरला पुढे नसेल, हा विचार तिला सोसेना. ती आत गेली आणि तिनं केकसाठी आलं किसायला घेतलं.

फी ठरण्याआधी परवाना समितीची सभा भरते, आणि गावातल्या कुणालाही तिथे उभं राहून तीन मिनिटं बोलता येतं. विनी गेली. वाचनालयाच्या वरची खोली, पाण्याचे ग्लास, भिंतीवर जुन्या नगराध्यक्षांच्या तसबिरी. विनीनं मैतीला घालायची काळी टोपी घातली होती. क्लेम मागच्या रांगेत हाताची घडी घालून बसला होता.

अध्यक्ष होत्या मिसेस पिकर्सगिल, बाजारपेठेतल्या चपलांच्या दुकानाच्या मालकीणबाई. माणसाचा चेहरा बघायच्या आधी त्या त्याच्या टाचा बघत. त्यांच्या शेजारी परवाना अधिकारी कॉलिन टॅटरसॉल बसला होता. पन्नाशीचा, काठीसारखा बारीक आणि इतका सरळ, की रस्त्यात सापडलेला हातमोजासुद्धा तो पोलीस चौकीत नेऊन द्यायचा. दर मार्चला तोच जनावरांच्या डॉक्टरबाईंना घेऊन गाढवं तपासायला येई. विनी त्याला अजून 'बाळा' म्हणायची.

कॉलिन उठला आणि घसा साफ करून सांगू लागला, "परवान्यातून परिषदेला नफा कमावता येत नाही, आणि परवानेवाल्यांचा भार बाकीच्या गावावरही टाकता येत नाही. कामाला जेवढा खर्च येतो तेवढीच फी. आजवर आपण अंदाजानं आकडा धरत होतो. या वर्षी प्रत्येक कामाचा खरा वेळ मोजायचं ठरलं. म्हणून मी मागच्या तपासण्यांचा वेळ धरला, त्याची सरासरी काढली आणि ती गाढवांवर वाटली."

"मिस्टर बिकर्डाइकांकडे किती वेळ लागतो?" मिसेस पिकर्सगिलनी विचारलं.

"एक तास, मॅडम. थोडा जास्तच."

"आणि मिसेस हेसकेथकडे?"

कॉलिनचे कान लाल झाले. "सकाळी दहाला पोचतो, मॅडम. निघेपर्यंत तीन वाजतात."

"पाच गाढवांना पाच तास? फार मोठी आहेत का तिची गाढवं?"

खोलीत हशा पिकला.

"नाही, मॅडम. तिथे... चहा असतो."

"चहा."

"आणि हॅम-पाव. आणि मग आल्याचा केक."

"आणि तो वेळ तुम्ही सरकारी कामात धरला?"

"फाटकाच्या आत असेपर्यंत मी परिषदेचा नोकर असतो, मॅडम. पगार चालू असतो. तो वेळ लपवायचा कसा?"

मागच्या रांगेत खुर्ची करकरली. क्लेम उभा राहिला होता.

"थांबा, थांबा! म्हणजे हिनं ह्याला केक चारायचा आणि त्याची फी सरासरीनं मी भरायची? चाळीस वर्षांत मला त्या केकचा चुरासुद्धा मिळाला नाही!"

"तू कधी आत आलास का रे?" विनी गर्रकन वळली. "कुंपणावरून ओरडणाऱ्याला काय केक फेकून मारू?"

"मिसेस हेसकेथ, तुमची तीन मिनिटं आता सुरू होतात," मिसेस पिकर्सगिल म्हणाल्या.

विनी उभी राहिली. घरून पाठ करून आणलेलं सगळं डोक्यातून उडून गेलं होतं. भर सभेत कुणीतरी आपल्या स्वयंपाकघराचं दार उघडून टाकलंय, असं तिला वाटत होतं. आयुष्यभर जे चांगलं म्हणून केलं, तेच बिशपच्या मुळावर आलं होतं. तिला रडू येईल असं वाटलं, पण आला तो राग.

"चहा माझा," ती म्हणाली, "साखर माझी, दूध माझं, शेगडीतला कोळसा माझा. पाव मी भाजला. आणि तो ह्यानं खाल्ला म्हणून वर पैसेही मीच द्यायचे? असलं दुकान तुम्ही तरी चालवाल का, मिसेस पिकर्सगिल? गिऱ्हाईक चपला घालून जाणार, आणि चालण्याची मजुरी तुमच्याकडून घेणार?"

मिसेस पिकर्सगिलच्या ओठांचे कोपरे थरथरले. त्यांनी पाण्याचा घोट घेऊन ते जागेवर आणले.

"कॉलिन, दोन्हीकडची तपासणी पुन्हा करा. फक्त तपासणी. त्यावरून फी ठरेल. मिसेस हेसकेथ, त्यांना काही द्यायचं नाही."

"मार्चच्या वाऱ्यात? निदान एक कप तरी!"

"कोरड्या तोंडानं, मिसेस हेसकेथ."

तो दिवस उजाडेपर्यंत विनीला नीट झोप नव्हती. चहा द्यायचा नाही एवढंच तिचं दुःख नव्हतं. आपल्या मनाशी ती कबूल करत होती, की त्या चहाच्या वाफेआड बिशप इतकी वर्षं सुखात राहिला होता. चार गाढवं तपासून होईपर्यंत माणसं गारठायची. मग विनी म्हणायची, "चला आत, बिशपचं काय, तो तर घरचाच." आणि डॉक्टरबाई दारातूनच त्याच्याकडे एक नजर टाकून मान हलवायच्या. आता कोरड्या तोंडाची माणसं त्याला कोरड्या डोळ्यांनी बघणार होती. त्यांनी एकदा 'नाही' म्हटलं, तर फी कितीही कमी झाली तरी काय उपयोग?

तिनं बिशपला घासूनपुसून उभं केलं. त्याच्या कपाळपट्ट्यावर नावाची अक्षरं विटली होती, ती लाल दोऱ्यानं पुन्हा भरली. आणि हात आपोआप जाऊ नये म्हणून किटली उचलून कपाटात ठेवली, वर टॉवेल टाकला.

कॉलिन आणि डॉक्टर रोवनबाई दहाच्या ठोक्याला आले. समुद्रावरून असा वारा सुटला होता, की कॉलिनचं नाक निळं पडलं होतं.

"कॉलिन बाळा, जरा—" विनीनं तोंड उघडलं आणि मिटलं.

"काही म्हणालात, मिसेस हेसकेथ?"

"जरा सांभाळून. फरशी निसरडी आहे."

डॉक्टरबाईंनी खूर उचलले, दात पाहिले, कानांत डोकावल्या. मार्गो झाली, पिप झाला, ट्रफल झाली. सार्जंटनं कॉलिनच्या खिशात तोंड घालून पाहिलं आणि काही नाही म्हणून फुरफुरला. चार गाढवं बघता बघता संपली. विनी खराट्याला घट्ट धरून उभी होती. इतक्या लवकर आटपणारं काम आपण दुपारपर्यंत कसं नेत होतो, याचं तिचं तिलाच नवल वाटलं.

मग डॉक्टरबाई बिशपपाशी गेल्या. त्याच्या छातीला नळी लावून त्यांनी पुष्कळ वेळ ऐकलं. चारही पाय वाकवून पाहिले. त्याच्या पाठीवर हात फिरवला आणि तो तिथेच ठेवला.

"वय झालंय ह्याचं."

"माझंही झालंय," विनी म्हणाली.

"ह्याच्यावर मुलं बसवता?"

"दोन उन्हाळे झाले, खोगीरसुद्धा नाही."

"मग हा करतो काय?"

"चालतो."

"नुसता चालतो?"

"बाई, तुम्ही बाकीच्यांना चालवून दाखवा. मग विचारा."

डॉक्टरबाईंनी हसून मार्गोचा दोर धरला आणि फाटकाकडे ओढला. मार्गोनं मान लांब केली, पाय मात्र जागचे हलवले नाहीत. बाकीची तिघं तिच्या मागे खांबासारखी उभी. बाईंनी दोर खांद्यावर घेतला, टाचा रोवल्या, कॉलिननं मागून रेटा दिला. काही नाही. तेवढ्यात गल्लीतून पोस्टाच्या गाडीचा आवाज आला आणि कोण आलंय ते बघायला बिशप फाटकाकडे निघाला. हळू, एकेक पाऊल टाकत. त्याबरोबर चारही निघाली. अशी निघाली, की दोर धरलेल्या डॉक्टरबाई अर्ध्या अंगणातून घसरत गेल्या.

"पुरे, पुरे! कळलं!" त्या हसत ओरडल्या. धापा टाकत त्यांनी बिशपचं कपाळ खाजवलं. "चालणं ह्याला चांगलंच आहे, मिसेस हेसकेथ. उभा राहिला तरच ह्याचे सांधे धरतील. ओझं मात्र कधीच नाही. मी तसं लिहून देते: चालेल, वाहणार नाही."

विनीनं खराटा भिंतीला टेकवला आणि बिशपच्या मानेवर हात ठेवला.

कॉलिन मात्र घड्याळाकडे बघत विचारात पडला होता. "गंमत आहे," तो म्हणाला. "गाढवामागे मिनिटं लागतात ती थोडीच. बाकीचा सगळा वेळ जातो तो गाडीनं येण्यात, जाण्यात आणि कचेरीत बसून लिहिण्यात. तीन गाढवं असली काय नि सहा असली काय, गाडी मी एकदाच आणतो."

"मग?"

"मग गाढवामागे फी कशाला? अंगणामागे हवी. गाढवामागे नाममात्र काहीतरी. मी समितीला तसंच सांगणार." त्यानं घड्याळ खिशात टाकलं, टोपी उचलली आणि फाटकाबाहेर गेला. फाटक नीट लावून घेतलं. आणि तिथेच उभा राहिला. विनी बघत राहिली.

"काय झालं रे? काही विसरलास?"

"नाही, मिसेस हेसकेथ. तपासणी संपली." त्यानं फाटकावर बोटानं टकटक केलं. "आजची जेवणाची सुट्टी मी आत्ताच घेतोय. त्या वेळाचा पगार मिळत नाही."

"मग बाहेर काय गारठत उभा राहिलास, खुळ्या! ये आत. डॉक्टरबाई, तुम्ही पण." आणि ती जवळजवळ धावतच कपाटाकडे गेली.

समितीनं कॉलिनचं म्हणणं मान्य केलं. नवी फी जुन्यापेक्षा थोडी जास्त भरली, पण बिशपच्या वाट्याला आलं ते एका दुपारच्या कमाईतून निघण्यासारखं. क्लेमची सहा गाढवं असल्यामुळे त्याचा फायदा विनीपेक्षाही जास्त झाला. ही गोष्ट त्यानं दोन आठवडे कुणालाच सांगितली नाही. मग एका शुक्रवारी तो कुंपणाशी आला. नेहमीसारखा ओरडला नाही. कुंपणाच्या कडेकडेनं चालत फाटकापर्यंत आला, आणि फाटक कुठल्या बाजूला उघडतं ते त्याला माहीत नसल्यामुळे थोडा वेळ त्याच्याशी झटत राहिला.

"ओढ, ढकलू नकोस," विनी आतून म्हणाली. "गाढवालासुद्धा येतं ते."

"तुझं गाढव शिकलेलं आहे. त्याच्याकडे कागद आहे." क्लेम आत येऊन खुर्चीवर बसला, टोपी गुडघ्यावर ठेवली. "आण तो केक. ज्याची फी माझ्या बोकांडी बसणार होती, तो बघू तरी."

त्यानं दोन तुकडे खाल्ले आणि आलं जरा जास्त झालंय म्हणाला. मग तिसरा मागितला.

ईस्टरच्या सोमवारी पाणी लांब गेलं होतं आणि वाळू आरशासारखी चकाकत होती. बिशप लाल अक्षरांचा पट्टा मिरवत सर्वांच्या पुढे उतरला, त्याच्यामागे चौघं, आणि शेवटी विनी. वाळूवर पहिली पावलं त्याचीच उमटली. पहिल्या फेरीला चार मुलं बसली. अर्ध्या वाटेवर बिशप थांबला आणि समुद्राकडे बघू लागला. सगळी रांग थांबली. मार्गोवर बसलेल्या झिपऱ्या मुलीनं टाचा आपटल्या.

"आजी, हा थांबला का?"

"त्याच्या परवान्यात चालणं लिहिलंय, बाळा," विनी म्हणाली. "घाई लिहिलेली नाही."

ती त्याच्या मानेशी जाऊन उभी राहिली आणि त्याचं बघून होईपर्यंत तीही समुद्राकडे बघत राहिली.